वाकणाचं पाणी

२० जानेवारी २०२५

शिवानी,

नावाआधी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसतं नावच लिहिलं. सौभाग्यवती लिहावं तर तू चिडशील, श्रीमती लिहावं तर आई माझा हात मोडेल. मोबाईलवर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, तेव्हा हा कागद. भोरचे नजीरचाचा आपल्याकडचे मासे टेम्पोत घालून वेल्ह्याच्या बाजाराला येतात, त्यांच्याच हाती देते आहे. त्यांना चहा दे. नणंदेवरचा राग टेम्पोवाल्यावर काढू नकोस.

कामाचं लिहिते. परवा आपल्या मच्छीमार सोसायटीची बैठक झाली. तरण्या पोरांनी चेअरमन कुंडलिकअण्णांना घेरलं, की वाकणाचं पाणी आता मोकळं करा. ओढा वळून धरणाच्या पाण्याला मिळतो तिथं म्हणे माशांची इतकी दाटी झालीय की काठावरून त्यांच्या पाठी दिसतात. एक जण तर म्हणाला, "अण्णा, आजून किती वर्सं राखायचं? मानसिंगदादा आता वर येनार हाय व्हय?" तुझे दाजी तिथंच बसले होते. माझा नवरा म्हणून कौतुक करत नाही, पण त्यांनी त्या पोराला कॉलर धरून बाहेर नेऊन उभं केलं. बैठक तशीच मोडली.

तू गुंजवण्याची, तुमच्याकडं ही चाल नाही. लग्न होऊन आलीस तेव्हा ऐकून हसली होतीस, म्हणून नीट सांगते. आपल्या गावात पाण्यानं माणूस नेलं आणि परत दिलं नाही, तर त्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही. मोकळं करायचं ते त्याच्या घरच्यांनीच. बायकोनं 'मोकळं करा' म्हणायचं. मग घरच्या कुणीतरी पहिलं जाळं टाकायचं, आणि पहिला मासा आईनं स्वतः शिजवून खायचा. आईनं खाल्ला की गेलेलं माणूस गेलं, असं सगळ्यांनी धरायचं. दोघींतली एक जरी नाही म्हणाली तरी पाणी बंद.

मानसिंगच्या पाण्याला आई नाहीच म्हणणार. म्हणून तुझा होकार मिळवून आईवर जोर लावायला पोरं आता तुझ्याकडं येतील, ताई-वहिनी करतील, गोड बोलतील. तू नाही म्हण. एवढंच मागणं आहे.

आई ठणठणीत आहे. सकाळी भाकरी खाल्ली की वाकणावर जाते आणि करंजाखाली बसते. शेजारी दगडांचा ढीग. कुणी गळ काढला की पहिला दगड पाण्यात, दुसरा माणसाच्या दिशेनं. मागं पुण्याची काही मंडळी तंबू ठोकून राहिली होती, त्यातला एक जण गळ घेऊन पाण्याशी गेला. आईनं त्याच्या तंबूवर असा नेम धरला की सगळी पोरं उठून उभी राहिली. बोर्ड नाही, शिपाई नाही, एकटी बाळाबाई पुरे.

परत येशील का, असं विचारणार होते. विचारलं नाही असं समज.

अश्विनीताई

९ फेब्रुवारी २०२५

शिवानी,

चाचांनी सगळं सांगितलं. पत्र घेतलंस, चहा केलास, बिस्किटं दिलीस, बोलली मात्र नाहीस. शिलाई मशीनवर बसलेली होतीस आणि बारीक झालीयस, असंही म्हणाले. चाचांना सगळेच बारीक दिसतात, तरी मला काळजी वाटली.

त्यांची फौजिया आठवते? दोन वेण्या घालून टेम्पोत पुढं बसायची ती. आता रत्नागिरीला माशांचं शिक्षण घेते. सुट्टीत आली आणि बापाच्या टेम्पोतले मासे बघून चक्रावली. म्हणाली, भाटघरच्या पाण्यात एवढे मोठे मासे येतात कुठून? चाचा म्हणाले, "वाकनाच्या आजूबाजूनं येत्यात. आत कुनी जाळं टाकत न्हाई." तिनं विचारलं, "कुणाच्या आदेशानं बंद आहे?" चाचा म्हणाले, "बाळाबाईच्या." पोरगी दुसऱ्याच दिवशी येऊन आईशेजारी करंजाखाली बसली. आईनं तिला दगड मारला नाही, उलट शेंगा दिल्या.

ती सांगत होती, समुद्रात असे पट्टे मुद्दाम राखून ठेवतात. तिथं जाळं टाकायचं नाही. आतला मासा पुरता वाढतो, म्हातारा होतो. मोठी मादी घालते ती अंडी कोवळ्या मादीपेक्षा कितीतरी जास्त. मग आत गर्दी झाली की मासे बाहेर पडतात आणि बाहेरच्या जाळ्यांना लागतात. म्हणजे थोडं पाणी राखून ठेवलं की बाकीचं पाणी माशांनी भरतं. "पण राखणारं माणूस लागतं," म्हणाली, "नाहीतर सगळं कागदावरच राहतं." तिनं आम्हाला काठाशी मरळीची पिलं दाखवली. लाल पिलांचा एवढा मोठा घोळका, आणि खाली आईबाप दोघं राखणीला. मी इतकी वर्षं पाण्याकाठी राहिले, असं निवांत बसून कधी बघितलं नव्हतं.

तुझे दाजी आधी हसले. मग रात्री जेवताना म्हणाले, "खरं हाय तिचं. मानसिंग हुता तवा आमी बोटाएवढं मासं घरी आनायचो."

शिवानी, तुला तो पावसाळा आठवतोच. कुठंच काही लागत नव्हतं. बारीक विणीची जाळी लावून लावून आम्हीच सगळं पाणी झाडून नेलं होतं. ओढ्याच्या तोंडाशी तेवढा जरा मासा उरलेला, म्हणून मानसिंग वारं सुटलं असताना थर्माकोलचा तराफा घेऊन तिथं गेला. खाली बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती, झाडं. तराफा सापडला, तो नाही. भोरहून माणसं आली, गळ टाकून दमली, गेली. हेच पाणी आम्ही आधी राखलं असतं तर बाकी सगळीकडं मासा असता आणि माझ्या भावाला तिथं जायची गरज पडली नसती. हा विचार डोक्यातून जात नाही. भाकरी थापताना येतो, दळण आणताना येतो. आता अख्खं गाव त्याच्या बंद पाण्यावर जेवतंय आणि तो तेवढा नाही.

फौजियाचं सगळं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्या काय येगळं सांगत हुते? त्यो हाय तितं, म्हून मासं हायेत."

तिचं हे असं आहे. पण तुला सांगते, घरात ती कुणाशी भांडत नाही, रडत नाही. मानसिंग गेल्यापासून एकदाही रडलेली नाही. मासा मात्र सोडलाय. आमच्या घरी मासे शिजले की उठून ओट्यावर जाऊन बसते.

दहाव्या दिवशी तू सगळ्यांसमोर मंगळसूत्र काढून ठेवलंस आणि म्हणालीस, "ते गेले, आता त्यांचं दिवसकार्य करा." आईनं तुझी पिशवी अंगणात टाकली. "माज्या जित्या लेकराला मारतीस?" म्हणाली. मला दोघींचंही कळतं. पण गेली पाच वर्षं एक वाकणावर आणि एक वेल्ह्यात, हे बघवत नाही.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

अश्विनीताई

१६ मार्च २०२५

शिवानी,

मिळालं उत्तर. 'ताई, पाणी मोकळं करा. स्थळ आलंय.' दोन वाक्यं! दुकानदाराला साखरेची चिठ्ठी देतानाही माणूस याहून जास्त लिहितो.

बाकीचं चाचांकडून कळलं. गुंजवण्याचा आहे, पहिली बायको वारली, लहान मुलगी आहे, भाताचं शेत आहे, स्वभावानं गरीब आहे. आणि त्याच्या घरच्यांना आपल्या गावची चाल कळली. ते म्हणतात, जिच्या नवऱ्याचं पाणी अजून बंद आहे ती मोकळी कशी? म्हणून तुला मोकळं करायला हवंय. मासा गेला, वाकण गेलं, आई गेली उडत.

मी रागावले आहे आणि लपवणार नाही. अण्णांना हा कागद दाखवला तर उद्या पोरं आईला न जुमानता तराफे घेऊन आत घुसतील. या उन्हाळ्यात सगळं पाणी गाळून काढतील. पावसाला ओढा वाहू लागला की अंडी घालायला वर चढणारी मादी उरणार नाही. चार दिवस टेम्पो भरभरून जातील आणि मग पुन्हा तेच बोटाएवढे मासे. पुन्हा कुणाचा तरी पोरगा वारं सुटल्यावर जास्त लांब जाईल. फौजियाला फोन केला तर ती रडायलाच लागली. आणि आईला काय सांगू? की सून लग्न करतेय, तेव्हा तू तुझ्या पोराच्या पाण्यातला मासा खा?

फौजियाशिवाय मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. तुझा कागद डब्यात आहे. राहू दे तिथंच.

तुला सुख नको असं नाही गं. पण तू दुसऱ्याची झालीस की माझ्या भावाची म्हणून या जगात कोण राहिलं? आई आणि मी. त्यातली आई किती दिवसांची आहे ते देवाला माहीत. मागं ठणठणीत आहे म्हणून लिहिलं होतं, ते खोटं होतं. करंजापर्यंत जाताना दोनदा बसते.

अश्विनी

६ एप्रिल २०२५

शिवानी,

मागच्या पत्रावर तू काही लिहिलं नाहीस, बरोबरच केलंस. आता जे घडलं ते ऐक.

चाचा आले होते. आई वाकणावरून परतत होती. चाचांच्या पोटात काही राहत नाही, माहीत आहे तुला. सहज म्हणून गेले, "शिवानीचं जमलं म्हना की आता, बाळाबाई. पोरगी चांगल्या घरी पडंल." मी दारातून खुणा करतेय, तर ते तिकडं बघतच नाहीत. मला वाटलं, आता दगड. आईनं काही केलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि घरात आली.

दुसऱ्या दिवशी वाकणावर गेली नाही. मी भांडी घासत होते, शेजारी येऊन बसली.

"आश्वे, शिवानीचं वय काय आसंल गं?"

"तिशी उलटली असंल, आई."

"मंजी आली तवा पोरच हुती." मग म्हणाली, "त्या मान्साला ल्हान पोरगी हाय?"

"हाय म्हनत्यात."

"तिला कोन येनी घालत आसंल?"

मला रडू आलं, तर माझ्यावरच खेकसली, "रडतीस काय? तिचा कागुद आलाय नव्हं? दडवलास कुठं?" काढून दिला. तिला वाचता येत नाही. मी दोन्ही वाक्यं वाचली, आणि तिनं पुन्हा वाचायला लावली.

"मोकळं करा म्हनती ना? मग करायचं," आई म्हणाली. "म्या माज्या पोराला धरून बसले ते ब्येस. पर तिला कशापायी धरून बसू? तिचं अजून समदं व्हायचंय."

"आई, तुला मासा खावा लागंल."

"म्हाईत हाय मला. माजी सासू बी तिच्या ल्योकापायी खाऊन बसलीय, म्या बगितलंय."

मी मघाचीच भांडी पुन्हा घासत बसले.

तुझ्यावरचा माझा राग तिथंच गेला. राग धरायचा हक्क जिचा होता तिनंच सोडला, तर मी कोण? तुला हवं ते होईल. दिवस ठरला की कळवते.

अश्विनीताई

१८ मे २०२५

शिवानी,

झालं सगळं. आधी गावाचं सांगते.

अण्णांनी बैठक बोलावली. फौजियाही आली होती. तिनं समुद्रातल्या राखीव पट्ट्यांचं सगळं पुन्हा सांगितलं, लोकांनी ऐकून घेतलं. मग एक जण उठून म्हणाला, "आजवर मेलेल्या मान्साचं भ्या हुतं म्हून कुनी जाळं टाकलं न्हाई. आता माशासाठी बंद म्हनला तर कोन ऐकनार?" खरंच होतं त्याचं. मला राहवलं नाही, मी उभी राहिले. बायका बैठकीत बोलत नाहीत वगैरे मला कुणी शिकवू नये. मी म्हणाले, "माझ्या भावासाठी राखलं, ते तुम्हाला पटलं. त्याच राखण्यानं तुमच्या चुली पेटल्या, हे दिसतंय तरी पटत नाही? वाकण आमच्या घरासाठी एक दिवस मोकळं करा. मानसिंगचं जे व्हायचं ते होऊ द्या. मग तुमच्या पोरांसाठी पुन्हा बंद करा."

बराच कालवा झाला. शेवटी तुझे दाजी म्हणाले, जो आत जाळं टाकेल त्याचा मासा सोसायटी तोलणार नाही. चाचा मागून ओरडले, "आनि माजा टेम्पो उचलनार न्हाई!" तिथं मिटलं. देवळापुढं नारळ फोडून सगळ्यांनी शब्द दिला. ओढ्याच्या तोंडापासून करंजापर्यंत बंद. पाळतील का ते पावसाळ्यात कळेल, पण दिला तर आहे.

काल पाणी मोकळं केलं. सकाळी सगळं गाव काठावर होतं. तुझे दाजी एकटेच तराफ्यावर गेले. त्यांनी जाळं टाकलं. पहिल्याच ओढीला मोठा रोहू आला. तो बघून पोरांनी एरवी शिट्ट्या मारल्या असत्या. काल कुणी हूं केलं नाही.

मासा आईनं उचलला. मी म्हटलं मी साफ करते, तर हात झटकला. उंबऱ्याजवळ विळी घेऊन बसली, खवले काढले, पोट चिरलं. आत गाबोळी, अंड्यांनी गच्च भरलेली. पावसाला ती मादी ओढ्यात चढणार होती. आई त्या गाबोळीकडं बघत बसली. मला वाटलं, आता उठणार, म्हणणार की न्हाई जमायचं मला. बाहेर अंगणात अण्णा, चाचा, सगळे डोकी खाली घालून बसले होते. आईनं गाबोळी वेगळी काढली, धुतली आणि तीही कालवणात सोडली.

चूल तिनंच पेटवली. मसाला तिनंच वाटला. तो मागायचा तसं आंबट जरा जास्त घातलं, हे मी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. भाकरी केली. ताट घेऊन दारात सगळ्यांना दिसेल अशी बसली.

मी म्हटलं, "आई, एक घास खा, चालतंय. अण्णा बी म्हनले."

"न्हाई," म्हणाली. "अर्ध्या घासानं मोकळं केलं तर अर्धीच सुटंल ती."

सगळं खाल्लं तिनं. सावकाश, काटे बाजूला काढत. पाच वर्षांत मासा तोंडाला न लावलेली बाई. एक घास मध्ये अडकला, मी पाणी दिलं, ती प्याली आणि पुन्हा खाऊ लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. प्रत्येक घासाला तिचं अंग आखडायचं. शिवानी, तुझ्यासाठी कुणी काय केलं असं कधी कुणी तुला विचारलं, तर हे सांग. आणखी काही सांगायची गरज नाही.

ताट पुसून घेतलं. हात धुतला. अण्णा उठून म्हणाले, "बाळाबाई, पानी मोकळं झालं." ती नुसती मान हलवून आत गेली, आणि मग आम्ही तिचा आवाज ऐकला. रडली. मानसिंगच्या नावानं, उरावर हात मारून, अंगणातली माणसं उठून निघून जाईपर्यंत रडली. पाच वर्षांचं साठवलेलं होतं. मी तिला धरलं, तर मलाही आवरेना. आम्ही दोघी चुलीपाशीच पडून होतो. तू इथं हवी होतीस गं. रडायला तिसरी कुणी नव्हती, आणि त्याची म्हणून आम्ही तिघीच तर होतो.

संध्याकाळी ती उठून बसली. आवाज पार बसलेला. म्हणाली, "कागुद आन. शिवानीला लिव्ह."

मी वही घेऊन बसले. काय लिहू म्हटलं.

"लिव्ह, बाई, तुजं खरं हुतं. माजा ल्योक गेला."

तुझी,
अश्विनीताई